आधी चमचा, मग वाटी

मने, काल फोनवर बोलता बोलता तू मध्येच थांबलीस आणि पाठोपाठ बेसिनच्या नळाचा आवाज आला. परत आलीस ती "काही नाही गं आज्जी, जरा पित्त झालंय" म्हणत. पित्त नव्हे ते, मला ठाऊक आहे. तुझ्या आईच्या पोटात ही गोष्ट आठवडाभरसुद्धा राहिली नाही. सातवा आठवडा म्हणजे मळमळ आत्ता कुठं जोर धरतेय. नवव्या आठवड्याच्या आसपास ती सगळ्यात जास्त छळते आणि चौथा महिना लागेपर्यंत बहुतेकींची ओसरते. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण पहाटे पाचला मोरीत वाकलेल्या बाईला आता जन्मभर असंच चालणार असं वाटत असतं. मलाही वाटलं होतं.

"माझ्या वेळी तू आईला काय द्यायचीस?" असं तू विचारलंस. फोनवर सांगत बसले असते तर निम्मं विसरले असते, म्हणून लिहायला घेतलं. आणि लिहितेच आहे तर नुसतं डोहाळ्यांपुरतं कशाला? घरात मळमळणारं माणूस असलं की काय करायचं ते सगळंच लिहून ठेवते. उद्या मूल होईल, ते कधीतरी ओकेल. जावईबापूंना गाडी लागते हे तर मी आपण जोतिबाला गेलो तेव्हाच पाहिलंय.

मला हे शिकवलं तुझ्या पणजीनं, माझ्या सासूबाईंनी. १९६९ साली मी साखरप्याहून आंबा घाट चढून कोल्हापुरात सून म्हणून आले. माहेरी कुणाला मळमळलं की आई आमसूल चोखायला देई आणि तेवढ्यावर भागे. सासूबाईंकडं मात्र मळमळीला एक शब्द नव्हता. तोंडाला नुसतं पाणी सुटतंय, येत काही नाही, ती मळमळ. पोट मुरडून घशापर्यंत येतं आणि मागं फिरतं, ते उमासे. भडभडून बाहेर पडते ती ओकारी. आणि दुखत कुठंच नाही, पण आत चैन म्हणून पडत नाही, ती घालमेल. कुणी "मळमळतंय" म्हटलं की त्या हातातलं काम टाकून आधी विचारत बसायच्या. कधीपासून? काय खाल्लं होतंस? पोट साफ झालं का? लघवीला कधी गेला होतास? दुखतंय का कुठं? एवढी उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांनी औषधांचं फडताळ कधी उघडलं नाही. तू पण उघडू नकोस. पुढं एका ठिकाणी सांगणार आहे की मी एकदा न विचारता फडताळ उघडलं आणि काय झालं.

तुझा बाप दोन वर्षांचा होता, १९७४ चा श्रावण. त्याला उलट्या आणि जुलाब एकदमच सुरू झाले. पोराच्या घशाला कोरड पडलेली, पाणी पाणी करत होता. मी भांडं भरून तोंडाला लावलं. गटागटा प्यायला आणि दोन मिनिटांत सगळं माझ्या पदरावर. पुन्हा मागितलं, पुन्हा दिलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सासूबाईंनी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. पोराला मांडीवर घेतलं, वाटी आणि चमचा मागवला. एक चमचा त्याच्या तोंडात घातला आणि मला म्हणाल्या, "जा, तुळशीला पाच प्रदक्षिणा घालून ये, मग दुसरा देऊ." घरात घड्याळ होतं, मला ते बघताही येत होतं. पण मी शेजारी बसून राहिले असते तर त्याचं रडणं ऐकून घाईनं दुसरा चमचा भरला असता, हे त्यांना कळलं होतं. त्या दुपारी मी किती प्रदक्षिणा घातल्या कुणास ठाऊक. संध्याकाळी पोरानं लघवी केली तेव्हा सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली.

मने, मी जे जे शिकले त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे. आधी चमचा, मग वाटी. ओकलेलं पोट आतून दुखावलेलं असतं. त्यात एकदम भांडंभर पाणी गेलं की ते ताणतं, आणि ताणलं की पुन्हा ओकारीचा इशारा डोक्याकडं जातो. माणसाला तहान लागलेली असते, देणाऱ्याचा जीव तुटत असतो, म्हणून घात होतो. उलटी झाली की दहा-पंधरा मिनिटं काहीच द्यायचं नाही, नुसती चूळ भरू द्यायची. मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. अर्धा तास टिकलं तर दोन चमचे. तासभर टिकलं तर घोट. वाटी त्याच्यानंतर. मध्ये पुन्हा उलटी झाली तर घाबरायचं नाही, पुन्हा दहा मिनिटं थांबून पहिल्या चमच्यापासून सुरुवात.

त्या चमच्यात सासूबाई घालायच्या साळीच्या लाह्यांचं पाणी. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे आणायचे, त्यातली एक पिशवी त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. ओंजळभर लाह्या निवडून, तूस काढून तीन-चार कप उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजत घालायच्या. अर्ध्या तासानं हातानं कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळायचं. त्यात चिमूटभर मीठ, खडीसाखर. पाणी दिसतं जेमतेम पांढुरकं, पण त्यात तांदळाचं सत्त्व असतं, पोटाला जड नसतं आणि वास जवळजवळ नसतो. वास नसणं हे ओकणाऱ्या माणसासाठी किती मोठं आहे ते तुला आता मी सांगायला नको. आमच्या गल्लीतले वैद्य सांगायचे की चरकसंहितेत ओकारी थांबवणाऱ्या दहा द्रव्यांची यादी आहे, त्यात लाह्या आहेत. सोबत महाळुंग, डाळिंब, वाळा, जांभळीचा आणि आंब्याचा कोवळा पाला. सासूबाईंना चरक ठाऊक नव्हता, त्यांना त्यांच्या आजीनं सांगितलं होतं. कुठून कुठून वाहत आलेलं हे पाणी आहे बघ.

पण जुलाबही असतील तर नुसत्या लाह्यांच्या पाण्यावर राहू नको. शरीरातलं पाणी आणि क्षार दोन्ही वाहून जातात, ते दोन्ही परत घालावे लागतात. तिथं ओआरएसची पुडी हवी. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून माणसांना पाजायला लावला आणि हजारो जीव वाचले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं २०२३ साली. त्या बातमीचं कात्रण मी जपून ठेवलंय. आपल्या घरात सासूबाई चमच्यानं लाह्यांचं पाणी पाजत होत्या त्याच्या तीनच वर्षं आधीची ही बनगावची गोष्ट.

पुडी असेल तर ती अख्खी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. मोठी पुडी एक लिटरची असते. अर्धी आज, अर्धी उद्या असं करायचं नाही, प्रमाण बिघडतं. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. आधी स्वतः चाखून बघायचं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून पुन्हा करायचं, कारण जास्त मीठ लेकराला घातक असतं. मेडिकलमध्ये खोक्यातली गोड सरबतं ओआरएसच्या शेजारी मांडून ठेवलेली असतात, ती उचलून आणू नका. त्यात साखर फार, जुलाब वाढतात.

आता आलं. तुला मी दर थंडीत आलेपाकाच्या वड्या पाठवते, तू त्या ऑफिसात वाटून टाकतेस. या खेपेला वाटू नकोस. आल्याचं आणि मळमळीचं वैर फार जुनं, आणि आता परदेशातल्या डॉक्टरांनीही ते तपासून मान्य केलंय. गरोदरपणाच्या मळमळीवर दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठ देऊन त्यांनी पाहिलं, बऱ्याच जणींना उतार पडला. एक ग्रॅम म्हणजे सुंठपुडीचा सपाट अर्धा छोटा चमचा, तोही दिवसभरात विभागून. त्याहून जास्त घ्यायचं कारण नाही. आल्याचा चहा करशील तर चहाची पत्ती नावाला घाल. नुसतं आलं किसून उकळ, गाळ, कोमट झाल्यावर लिंबाचे चार थेंब. मात्र छातीत जळजळ होत असेल, आंबट ढेकर येत असतील, तर आल्यानं ती वाढते. तेव्हा आलं बाजूला ठेवायचं आणि थंड दूध किंवा शहाळ्याचं पाणी घोट घोट घ्यायचं. पुदिन्याचंही तसंच. त्याचा वास बरा वाटतो, पण तो अन्ननलिकेचं खालचं झाकण सैल करतो, जळजळ असणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुंठीची पूड रोज देऊ नये. तुझ्या मामाआजोबांना मी म्हणूनच देत नाही.

आलेपाक स्वतः करावासा वाटला तर एक वाटी आल्याचा बारीक कीस, दोन वाट्या साखर, चमचाभर तूप, दोन चमचे साय. आलं कोवळं घे, रेषा निघालेलं नको. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहायचं. गोळा कडा सोडायला लागला की तूप लावलेल्या ताटात थापून गरम असतानाच सुरीनं रेघा मारायच्या. पण आत्ता तू करू नकोस, उकळत्या साखरेचा आणि आल्याचा वास तुला सोसणार नाही.

वासावरून आठवलं. तुझं निम्मं दुखणं नाकातून येतंय, हे ध्यानात घे. या दिवसांत नाक फार तिखट होतं. कुकरची शिट्टी, डाळीचा फेस, फोडणीतला लसूण, फ्रिज उघडल्यावर येणारी ती मिसळलेली हवा, नवऱ्याच्या अंगाला लावलेला सेंटसुद्धा. गरम अन्नाचा वास पसरतो, गार अन्नाचा कमी. म्हणून दहीभात, गार केलेली मुगाची खिचडी, काकडी, डाळिंबाचे दाणे असलं खाऊन बघ. तुझ्या आईच्या वेळी मी दोन महिने फोडणी मागल्या अंगणात शेगडीवर करत होते. तुमच्या फ्लॅटला अंगण नाही, पण तुझा नवरा आहे. फोडणी त्यानं करावी, खिडकी उघडी ठेवून, आणि तू त्या वेळी गॅलरीत बसावंस. यात लाजायचं काही नाही. लिंबाची साल नखानं खरवडून रुमालात ठेव, ऑफिसात जाताना वास घेत जा.

सकाळचं सांगते. रात्रभर पोट रिकामं राहिलं की सकाळी डोकं वर उचलताक्षणी भडभडतं. उशाशी झाकणाचा डबा ठेव. त्यात कोरड्या लाह्या, खाकरा, टोस्ट, नाहीतर तव्यावर पुन्हा कडक केलेला भाकरीचा पापुद्रा. जाग आली की पडल्या पडल्या चार घास चावून खा. पंधरा-वीस मिनिटं तशीच पडून राहा, मग कुशीवर होऊन हळूच ऊठ. दात लगेच घासू नकोस. ब्रश जिभेच्या मुळाशी गेला की उमासा येतोच. उलटी झाल्यावर तर अर्धा तास ब्रश तोंडात घालायचाच नाही, पोटातलं आम्ल दातांवर असतं, घासलं की दात झिजतात. नुसती खळखळून चूळ भरायची. दिवसभरात दर दोन तासांनी थोडं थोडं पोटात जाऊ दे. पाणी जेवणाबरोबर पिण्यापेक्षा मधल्या वेळेत पी. रात्री निजताना मूठभर फुटाणे किंवा कपभर दूध घेतलंस तर पहाट जरा सुसह्य जाते. लोहाच्या गोळीनं मळमळ वाढते असं वाटलं तर गोळी आपल्या मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना सांग, त्या वेळ बदलून देतील किंवा गोळी.

आणि गोळी दिली तर घे. हे मी का लिहितेय ते ऐक. आमच्या पिढीला या दिवसांत मळमळीवर औषध घ्यायचं म्हटलं की भीती वाटे. ती वेडी नव्हती. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं, गरोदर बायकांनी ते मळमळीवर घेतलं आणि हात-पाय खुरटलेली हजारो मुलं जन्माला आली. १९६१ मध्ये ते बंद झालं. पण आज तुझ्या डॉक्टर जी बी-सहा जीवनसत्त्वाची किंवा त्याच्या जोडीची गोळी लिहून देतील ती वर्षानुवर्षं तपासलेली आहे. घरातल्या उपायांवर भागत नसताना दात-ओठ खाऊन सोसत बसण्यात शौर्य नाही. मेडिकलवाल्याला विचारून मात्र काही घेऊ नको. दिवसभरात पाण्याचा घोटही टिकेना, लघवी गडद पिवळी आणि थोडी होऊ लागली, उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली, किंवा वजन उतरायला लागलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. दोन सलाइननं बाई पुन्हा माणसात येते.

बाकी बारीकसारीक भराभर सांगते. वेलदोड्याचे दोन दाणे चावून चोखायचे. अजीर्णाची मळमळ असेल तर ओवा आणि सैंधव, वर कोमट पाणी, आणि एक जेवण सोडायचं. उन्हातून आल्यावर मळमळलं तर आधी सावली, मानेवर ओलं फडकं, मग कोकमाचं सरबत मीठ घालून. आजारातून उठणाऱ्याला भाताची पेज, मग मऊ भात, मेतकूट, चार थेंब तूप. दूध आणि तेलकट सगळ्यात शेवटी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीही चाटवायचा नाही, कुणी म्हातारं माणूस कितीही आग्रह करो. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर येताना फार मळमळत होतं. तिथल्या नर्सबाईंनी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध अंगठ्यानं दाब दिला आणि स्पिरिटचा बोळा नाकाशी धरून सावकाश श्वास घ्यायला लावला. मला खरंच हलकं वाटलं. मनगटाची जागा तुला तुझी तुला दाबता येईल, दोन-तीन मिनिटं, दोन्ही हातांना.

आता गाडीचं. ते माझं ज्ञान नाही, तुझ्या आजोबांचं आहे. ते कोल्हापूर–रत्नागिरी गाडीवर कंडक्टर होते. बांबवडे, मलकापूर, मग आंबा, आणि तिथून खाली साखरप्यापर्यंत वळणंच वळणं. रोज कुणी ना कुणी खिडकीतून बाहेर वाकलेलं असायचं. ते घरी आले की खाकी शर्ट मी पहिल्यांदा पाण्यात टाकायची. त्यांचा पहिला नियम असा होता की ज्याला गाडी लागते त्यानं मागं बसायचं नाही. मागच्या चाकांच्या पलीकडं गाडी उसळते. ते अशा पोराला पुढच्या बाकावर आणून बसवायचे आणि सांगायचे, "लांबचा डोंगर बघ, जवळची झाडं मोजू नको." कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो सांगतो की आपण हलतोय. डोळे पुस्तकात नाहीतर मोबाइलमध्ये असले की ते सांगतात, आपण बसलोय. दोघांचं पटेना की मळमळतं. लांब बघितलं की दोघांची साक्ष जुळते.

दुसरं त्यांनी हेरलं होतं ते असं. ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही. वळण यायच्या आधी त्याला ते ठाऊक असतं आणि त्याची मान आपोआप वळणाच्या आतल्या बाजूला झुकते. बाकीच्यांची मान बाहेर फेकली जाते. म्हणून ते पोरांना ड्रायव्हरकाकांच्या डोक्याकडं बघत त्यांच्यासारखी मान झुकवायला लावत. पोरांना तो खेळ वाटे आणि घाट उतरून जाई. जावईबापूंना सांग, घाटात स्वतः गाडी चालवावी, नाहीतर पुढं बसून ही मान झुकवायची युक्ती करावी.

निघताना पोट रिकामं नको आणि तट्ट भरलेलंही नको. दीड-दोन तास आधी भाकरी नाहीतर पोळी, स्टॅंडवरचा वडा नको. तोंडात आवळासुपारी किंवा आलेपाकाची वडी. गोळी घ्यायची असेल तर गाडीत बसायच्या अर्धा-एक तास आधी. घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर पडते. तिनं झोप येते, म्हणून चालवणाऱ्यानं घ्यायची नाही, आणि तुझ्यासारखीनं डॉक्टरांना विचारूनच. पोराला वर्तमानपत्रावर बसवलं की गाडी लागत नाही असं आमच्याकडं सगळे म्हणायचे. त्यात तथ्य काही नसावं. पण आजोबा कधी कुणाला तो कागद काढायला लावत नसत. ज्या पोराला लागणार लागणार अशी धास्ती असते त्याला लवकर लागते, आणि कागदानं धास्ती कमी होत असेल तर होऊ दे. माझ्या आईला तर मुंबईच्या बोटीत चढायच्या आधी धक्क्यावरच मळमळायला लागायचं.

आता ते, जे सांगणार म्हटलं होतं.

१९९६ चे गणपती. तुझ्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, दुपारी मोदक खाल्ले होते. त्यांना मधुमेह होता. रात्री नऊला म्हणाले, "वहिनी, मळमळतंय, छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय." सासूबाई तेव्हा नव्हत्या. मला वाटलं मोदक बाधले. मी काहीएक न विचारता फडताळ उघडलं. ओवा दिला, पादेलोण दिलं, लिंबू-सोडा दिला. बाहेर पाऊस, गारवा, आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब. मी पदरानं तो घाम पुसला आणि वारा घातला. अडीच तास गेले. दवाखान्यात कळलं की हृदयाचा झटका होता. ते वाचले, पण हृदयाची ताकद गेली. पुढं सहा वर्षं जगले, माडीवरच्या आपल्या खोलीत एकदाही चढून जाऊ शकले नाहीत. मधुमेह असला की पुष्कळदा छातीत नेहमीसारखं दुखत नाही, बायकांनाही कित्येकदा नुसती मळमळ, घाम, जबड्यात किंवा पाठीत कळ आणि दम लागणं एवढंच होतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता तुला ठाऊक आहे. चाळिशीच्या पुढच्या माणसाला मळमळीबरोबर गार घाम सुटला किंवा छातीत जड वाटलं तर ओव्याची बरणी उघडायची नाही, १०८ ला फोन करायचा.

तसंच डोक्याला मार लागल्यावर उलटी झाली तर. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं पडलं तर. तान्ह्या बाळाची उलटी हिरवी असेल तर. मळमळीबरोबर बेंबीपासून कळ सुरू होऊन उजवीकडं खाली सरकली तर. ताप, डोकेदुखी आणि मान वाकवता येईना असं झालं तर. लेकरू सुस्त पडलं, रडताना डोळ्यांत पाणी येईना, सहा-आठ तास लघवी नाही, तर. अन्नाचा वास नकोसा, लघवी हळदीच्या पाण्यासारखी आणि डोळे पिवळे, तर काविळीची तपासणी. यातल्या कुठल्याही वेळी माझं एकही औषध वापरायचं नाही.

मिठाचं कोमट पाणी पिऊन, घशात बोटं घालून "पित्त काढून टाकायची" सवय आपल्याकडं घराघरांत आहे, तुझ्या आत्याला अजून आहे. मी ती कधीच सोडली. एकदा ओकल्यावर बरं वाटतं खरं, पण रोज ओढून काढलेल्या उलटीनं घसा सोलतो, क्षार जातात, आणि मुलाला मिठाचं पाणी पाजणं तर जिवावर बेतू शकतं. कुणी फिनेल, रॉकेल किंवा शेतातलं औषध चुकून प्यालं तर उलटी काढायचीच नाही. ते वर येताना पुन्हा जाळत येतं आणि फुप्फुसात उतरतं. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना.

रविवारी तुझा बाप सकाळच्या गाडीनं पुण्याला येतोय. त्याच्याजवळ लाह्यांची पिशवी, आलेपाकाचा डबा, आमसुलं आणि सुंठीची पूड दिलीय. लाह्या निवडलेल्या आहेत, तरी पाणी करताना एकदा तूस बघ. आलेपाकाचं झाकण घट्ट लाव, पावसाळी हवेत वड्या पाझरतात. आणि पिशवीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक चमचा आहे, दांडा जरा वाकलेला. तो सासूबाईंचा.